चहाच्या भांड्यातले खडे

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज चहाच्या भांड्यात दगड सापडला.

मुलगी नोकरीला परगावी गेली तेव्हा ही डायरी हातात ठेवून गेली. म्हणाली, आई, तोंडावर आलेलं आधी इथे लिहीत जा, मग उरेल ते बोल. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली, तोंड मात्र अजून शिकतंय. तेव्हापासून हिच्यावरची धूळ पुसण्यापलीकडे मी काही केलं नाही. आज लिहायला बसले, कारण आज बोलायची सोयच नाही.

सकाळी चहाचं भांडं घेतलं तर तळाशी कोमट पाणी आणि त्यात वाटाण्याहून मोठं, दुधी रंगाचं काहीतरी. चमच्याने बाहेर काढलं. मागून आबा म्हणाले, ते माझं आहे. आबा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य खडे घासण्यात गेलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं चाक आहे, आणि कोणी त्यांचं वय विचारलं तर ते चाकाचं सांगतात. मी म्हटलं, तुमचं असेल तर तुमच्या खिशात ठेवा, माझ्या भांड्यात कशाला. आबा उलट बोलले नाहीत की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

निरखून पाहिलं. तो एक दगड नव्हता. दोन खडे होते, पाठीला पाठ लावून बसलेले. टपालवालीचे.

टपालवाली म्हणजे आमच्या गल्लीत पत्रं वाटते ती. तिच्या आईच्या अंगठीत एक मोठा दुधी खडा होता, हलवला की आत निळी झाक फिरते. आई गेली. हिला मुली दोन आणि खडा एक. तिने तो मधून कापून दोन करायला दिला. दोघींचे अगदी सारखे हवेत, तसूभर कमीजास्त झालं तर घरात कुरुक्षेत्र होईल म्हणाली. थोरली चोवीस तारखेला परदेशी जाते आहे, त्याआधी पाहिजेत.

जोडीचे खडे घासायची आमच्याकडे रीत आहे. दोन्ही खडे लाखेने पाठीला पाठ चिकटवायचे आणि एकच समजून कडा घासायची. मग आकार तंतोतंत सारखा येतो. काम झालं की दिव्याची किंचित ऊब दाखवायची, लाख मऊ पडते, खडे सुटतात. पण लाख लावायला ज्योतीजवळ हात स्थिर लागतो, आणि आबांचा उजवा हात वर्षभर थरथरतोय. दोनदा बोटं भाजली. मग त्यांनी काय केलं, तर आमच्या ह्यांच्या कपाटातून दोन नळ्यांचा पक्का गोंद काढला आणि त्याने खडे चिकटवले. तो गोंद आम्ही जन्मात पुन्हा सुटू नये अशा गोष्टींना लावतो. आबा तो कोमट पाण्याने सुटेल म्हणून बघत होते.

"मग कापला कशाला होता?" मी म्हटलं. "एकच राहू द्यायचा."

आबा हसले नाहीत. म्हणाले, घासून बघितलं तर फार सुरेख झालेत. आणि खरंच झालेत. इतकी सुबक कड मी त्यांच्या हातची कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. फक्त दोन खडे आता एक आहेत.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आमच्या ह्यांना सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, आबांनी मान हलवली.

ह्यांचं चौकात छोटं दुकान आहे. तिथे गिऱ्हाईक घ्यायचं, कोंदणात खडा बसवायचा. घासायचं काम घरी आबांचं. पण गेल्या महिन्यात एक खडा आबांच्या हातून उडाला आणि फुटला. हे तेव्हा चिडले नाहीत, तेच वाईट. नुसते म्हणाले, आबा, आता एक जरी बिघडला तरी चाक विकून टाकू, तुम्ही आराम करा. आराम हा शब्द ऐकून आबांचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी तिरडीची मापं घ्यायला आलंय.

चाक गेलं तर आबा दिवसभर करणार काय? माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतील. मला चालणार नाही. म्हणून मी ह्यात पडले, दुसरं काही कारण नाही.

आधी मी सुरीचं टोक त्या फटीत घालून बघत होते. आबांनी मनगट धरलं. म्हणाले, ह्या जातीचा दगड थर सोडतो, सुरी घातलीस तर दोनाचे चार होतील. मी म्हटलं, ज्योत दाखवू का? म्हणाले, आत केसासारखी रेघ आहे, तडकेल. मग मी तो बर्फाच्या कप्प्यात ठेवला, गोंद आखडून सुटेल म्हणून. आबांना कळलं तेव्हा त्यांनी तो काढून मुठीत धरला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तसेच बसून राहिले, हळूहळू ऊब यावी म्हणून. मूठ थरथरत होती. मी म्हटलं, अंडं उबवताय का. म्हणाले, तू आणखी एखादी युक्ती काढलीस तर पिल्लूही निघेल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

शेजारच्या पार्लरवालीने मार्ग सांगितला. तिच्याकडे खोटी नखं असल्याच गोंदाने चिकटवतात आणि नेलपॉलिश काढायच्या पाण्याने सोडवतात. तिने बाटली दिली आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाली, काकू, नखांवर आधी काहीतरी असावं लागतं, मग ते काढायचं. शहाणी.

काचेची बरणी घेतली, खडे टाकले, वर नखांचं पाणी, वर झाकण. झाकण नीट बसत नाही, पण दुसरी बरणी नाही. मागच्या खोलीत खिडकीत ठेवली, पुढे आबांच्या घासायच्या पावडरीचे डबे लावले. नाकाला झोंबणारा वास. आबा म्हणाले, हे पेटतं, इथे काडी ओढायची नाही. मी विचारलं, किती वेळ लागेल? आबा म्हणाले, लागेल तितका.

मला हे उत्तर आवडत नाही. भात शिजायला वेळ लागतो, तो आपल्याला माहीत असतो. कपडे वाळायला लागतो, तोही माहीत असतो. लागेल तितका म्हणजे काय?

दुपारी टपालवाली आली. दारातूनच म्हणाली, झाले का हो माझे? मी म्हटलं, होताहेत. म्हणाली, बघू तरी. मी म्हटलं, अर्धवट काम दाखवायचं नसतं. ती बिचारी गेली. पत्र मात्र शेजाऱ्याचं आमच्याकडे टाकून गेली, इतकी तिची नजर आत होती.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बरणीत फरक शून्य. खडे तीन दिवस बघून झाले, आज बोलावंसं वाटलं त्यांच्याशी, म्हणजे माझी काय गत आहे बघा.

आबा म्हणाले, सूनबाई, तू बरणीपाशी येरझारा घालतेस, त्याने गोंद सुटत नाही. बस इथे, चाक रिकामं राहिलं की गंजतं. मी म्हटलं, मला काय येतं. म्हणाले, काचेचे तुकडे आहेत, बिघडले तर कचऱ्यातच जाणार आहेत.

बसले. आबा उंच, स्टूल त्यांच्या मापाचं. माझे पाय लोंबकळत होते, लहान मुलीला खुर्चीत बसवावं तसे. मी डावखुरी, तर माझ्याच हाताची सावली कामावर पडत होती. आबांनी काही न बोलता दिवा उचलून दुसऱ्या बाजूला लावला. सगळी हयात तो दिवा एकाच जागी होता.

काच बिघडवली. दुसरीही. आबा बाजूला बसून बोटाने कड चाचपतात आणि सांगतात, इथे पोट सुटलंय, इथे घाई केलीस. डोळ्यांनी त्यांना तेवढं दिसतच नाही, बोटच सांगतं. घाई केलीस हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मी म्हटलं, आबा, हे माझ्या लग्नातच सांगायचं होतं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

एक चमत्कारिक गोष्ट. पार्लरवाली म्हणाली होती, हे पाणी उडून जातं, रोज भर घालावी लागेल. मी बघते तर बरणी काठोकाठ. आपल्याला चांगल्या प्रतीचं मिळालं असणार. तिला तसं सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

आणि दुसरी. ह्यांच्या शर्टाला तोच वास आला. मी विचारलं, कसला वास? म्हणाले, कसला? आता माझ्याच नाकात तो बसलाय म्हणा, सगळीकडे येतो. पार्लरवाली सकाळी ह्यांना नमस्कार जरा लांबवून करते, ते एक मनात आलं होतं. पण ह्यांच्याकडे नीट बघितलं आणि शंका आपोआप गेली.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज चाक बघायला माणूस आला. ह्यांनी महिन्यापूर्वी कोणाला तरी बोलून ठेवलं होतं म्हणे. आबा अंघोळीला गेले आणि बाहेरच येईनात. मी दारात उभी राहिले. त्या माणसाने चाक हाताने फिरवलं, पट्टा ओढून बघितला, चांगलं आहे म्हणाला. मी मनात म्हटलं, संपलं.

हे म्हणाले, तुम्हाला उगाच फेरा पडला. चाक विकायचं नाही, त्यावर सध्या काम चालू आहे.

माणूस गेला. मला राग आला. भाव वाढवून मागायचा असेल तर तसं सांगावं, लोकांना उन्हात कशाला फिरवायचं. हे असे आतल्या गाठीचे आहेत. नंतर आबा ओल्या डोक्याने बाहेर आले, चाकाकडे बघितलं, ते जागेवर होतं. टॉवेलने डोकं पुसत बराच वेळ तिथेच उभे राहिले. डोकं कधीच वाळलं होतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज लाख लावायला शिकले. बाहेर अंगणात, बरणीपासून लांब, कारण आबांना घर पेटवायचं नाही आणि मला आबांना. ज्योतीवर लाख फिरवायची, थेंब पडायच्या आत काडीच्या टोकावर घ्यायची, त्यावर काचेचा तुकडा सरळ बसवायचा. माझा वाकडा बसला. पुन्हा वाकडा. मी काडी फेकणार होते. आबा म्हणाले, फेक, पण आधी सरळ बसव आणि मग फेक.

सरळ बसला तेव्हा फेकावीशी वाटली नाही.

माझ्या बोटालाही चटका बसला. आबांनी स्वतःचं बोट शेजारी धरलं, जुना डाग दाखवला. म्हणाले, हा माझा पहिला. मी म्हटलं, मला हौस नाही, आपण वेळ घालवतोय फक्त. म्हणाले, हो, वेळच घालवतोय.

टपालवाली आज आत आली. पाणी मागितलं आणि बसली. थोरलीचं सामान बांधून झालं म्हणाली. मग सांगितलं की तिची आई काम करताना अंगठी काढून खिडकीत ठेवायची आणि नातींना राखणीला बसवायची, डोळ्यांत तेल घालून. त्या अंगठीकडे बघत बसायच्या तेवढा वेळ घरात शांतता असायची. मी ऐकत होते आणि तिच्या पाठीमागच्या खोलीत डब्यांच्या आड बरणी होती.

बुधवार, २० नोव्हेंबर

गोंदाला कडेने पांढरी रेघ आली. नख लावलं तर नख रुततं. आत मात्र घट्ट आहे. आबा म्हणाले, सुटणार, पण अजून पुष्कळ दिवस.

दिवस कुठे आहेत? थोरली रविवारी निघते. मी आबांना म्हटलं, मी ह्यांना सांगते, माझ्या हातून झालं म्हणून. गोंद मीच आणून दिला म्हणते. आबा एवढंच म्हणाले, "माझ्या हाताचं तू कशाला आपल्या अंगावर घेतेस?" मी भांडी घासायला गेले. घासलेलीच पुन्हा घासली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सुटले. सुटले. सुटले.

आता नीट लिहिते. सकाळी साबणाची वडी कापत होते. माझी आई सुरीने नाही कापायची, दोऱ्याने कापायची, म्हणून मीही तसंच करते. दोरा साबणात गेला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पक्का गोंद दोऱ्याने कापणार नाही, पण मऊ पडलेला? मणी ओवायचा बारीक दोरा काढला, नखांच्या पाण्यात भिजवला, त्या पांढऱ्या रेघेत बसवला, एक टोक दाताखाली आणि एक हातात, आणि ओढला. तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. मी ओढते म्हणजे ओढतेच, माझ्या हातून कपड्यांची बटणंसुद्धा तुटतात.

आबा बघत होते. म्हणाले, दे इकडे एक टोक.

मी म्हटलं, तुमचा हात... आणि पुढचं गिळलं. मला गिळायची सवय नाही.

त्यांनी दोऱ्याचं एक टोक रबर लावून खिडकीच्या गजाला बांधलं. मला खडे धरायला लावले, चामड्याच्या तुकड्यात, हात मांडीवर टेकवून. दुसरं टोक स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलं. आणि हात तसाच हवेत सोडून दिला.

हात थरथरू लागला. नेहमी थरथरतो तसाच. दोरा पुढे मागे, पुढे मागे, तिळाएवढा, पण न थांबता. कोणी ठरवून एवढं बारीक आणि एवढं सारखं चालवू शकणार नाही. मी तर नाहीच. मधून मधून मी चमच्याने थेंब सोडत होते. बाहेर टपालवालीची सायकल गेली, थांबली, पुन्हा गेली. शेगडीवर ठेवलेलं काहीच नव्हतं, हे बरं झालं. ऊन खिडकीतून सरकून आबांच्या गुडघ्यावर आलं.

मला वाटलं होतं सुटताना आवाज होईल. काही झालं नाही. एक खडा माझ्या चिमटीत राहिला आणि दुसरा हळूच बाजूला सरकला, एका अंथरुणात झोपलेल्या पोराने कूस बदलावी तसा.

आबा स्वतःच्या हाताकडे बघत होते. दोरा अजून बोटाला होता, हात अजून हलत होता.

म्हणाले, "वर्षभर ह्याला धरून ठेवतोय. आज सोडलं."

मी चहा ठेवायला उठले. धूर डोळ्यांत गेला म्हणावं तर आमच्याकडे गॅस आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पाठींवर गोंदाचे पापुद्रे राहिले होते, ते घासून काढायला हवेत. मी खडे आबांपुढे ठेवले. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवले. मी म्हटलं, हे काच नाही. म्हणाले, माहीत आहे मला, कापला मी. मी म्हटलं, बिघडला तर? म्हणाले, मी शेजारी बसलोय ना.

लोंबकळत्या पायांनी घासले. कसे घासले ते आठवत नाही, श्वास मात्र एकदाही नीट घेतला नाही हे आठवतं. आबांनी दोन्ही खड्यांवरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते की आता घाई केलीस म्हणतील. काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी हे आले. भिंग लावून खडे बघितले, एकावर एक ठेवून बघितले. तसूभर फरक नाही. विचारलं, पाठ कोणी घासली? आबा म्हणाले, मी.

हे म्हणाले, "आबा, तुमचा हात डावीकडून उजवीकडे जातो. हे उजवीकडून डावीकडे गेलंय."

मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हात धुवून घ्या, पानं वाढते. हे उठून हात धुवायला गेले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

टपालवाली दोन डब्या घेऊन गेली. जाण्याआधी खडे तळहातावर घेतले, पाठीला पाठ लावून धरले आणि म्हणाली, बघा, लावले की पुन्हा आईचा एकच होतो. मी आणि आबा एका सुरात म्हणालो, नका लावू. ती दचकली. मग आबा हसायला लागले. फार दिवसांनी हसले, आणि मलाही आवरलं नाही. तिला वाटलं असेल, ह्या घरात सगळेच तसे आहेत.

दुपारी ह्यांची पिशवी धुवायला काढली. तळाशी नखांच्या पाण्याच्या बाटल्या, रिकाम्या. लहान नाही, दुकानात वापरतात तसल्या मोठ्या.

मी पिशवी हातात घेऊन पायरीवर बसले. बरणी कधी आटली नाही ती. तो शर्टाचा वास. आणि हे अलीकडे माझ्या आधी उठायचे, दात घासायला म्हणून मागच्या खोलीतून जायचे. गोंदाच्या नळ्या ह्यांच्या कपाटातल्या, त्या अर्ध्या झालेल्या ह्यांना दिसल्या नसतील का? मी म्हणत होते हे आतल्या गाठीचे आहेत. आहेतच.

बाटल्या होत्या तशा पिशवीत ठेवल्या. पिशवी धुतली नाही. हे विचारतील, का नाही धुतली, तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

काल मी बहिणीकडे जाऊन आले. आज सकाळी कामं आटोपून मागच्या खोलीत गेले तर चाकापाशी दोन आसनं. बाजूला आबांची पाठीची खुर्ची, आणि चाकासमोर स्टूल. तेच स्टूल, पण बुटकं झालेलं. खाली लाकडाचा भुसा. चारही पाय कापलेले, एक पाय किंचित तिरका, म्हणजे करवत ह्यांनी धरली आणि लाकूड आबांनी.

मी ओरडले. म्हटलं, मला कोणी विचारलं का? स्वयंपाक कोण करणार, कपडे कोण धुणार, माझ्या पाठीला हे सोसणार का? हे दुकानाची पिशवी घेऊन दारातून म्हणाले, मी विचारणारच होतो, पण तू आधी बोललीस. आणि गेले.

आबा खुर्चीत बसून दिवा पुसत होते. दिवा माझ्याच बाजूला आहे अजून. म्हणाले, डुगडुगतंय का बघ, एक पाय जरा कमी कापला गेलाय.

बघायचं म्हणून बसले. डुगडुगतं. पण पाय जमिनीला टेकतात.